खुर्चीच त देल्ली

मी एक जुनी खुर्ची आहे. घाबरू नका मित्रांनो, मी मंत्रालयातली नाही. जिच्यासाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात ती माझी दूरची नातेवाईक असेलही, पण आमचं येणंजाणं नाही. मी वाशिम जिल्ह्यात, मेडशीच्या अलीकडे एका लहानशा गावात राहते. सध्या मला पाय नाहीत. ते कुठे गेले, तेच मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म शिरपूर जैनच्या एका सुताराच्या अंगणात झाला. लाकूड सागाचं, बैठक लाल मखमलीची, अंगावर सोनेरी रंग. दोन्ही हातांच्या टोकांना सिंहाची तोंडं कोरायची असं ठरलं होतं. पण सुताराने जन्मात सिंह पाहिला नव्हता. त्याने घरातल्या मांजरीकडे बघून काम उरकलं आणि वरून आयाळ काढून दिली. त्यामुळे सिंहासन म्हणून निघालेली मी गावात पोहोचले ती 'मांजरीची खुर्ची' होऊन. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. सिंह होऊन नुसतं गुरगुरण्यापेक्षा मांजर होऊन घराघरांत शिरलेलं बरं.

मला साऱ्या गावाने मिळून आणलं होतं. शेतकऱ्यांनी सोयाबीन विकून वर्गणी दिली, भीमनगरातून आली, तांड्यावरच्या सोमला नाईकाने दिली, मशिदीजवळच्या घरांनीही दिली. सांभाळायला मला पुंजाजीच्या घरी ठेवलं. पुंजाजी म्हणजे थोड्याशा जमिनीचा, शब्दाचा पक्का आणि स्वभावाने जरा भोळा शेतकरी. माझ्या खोलीची किल्ली तो कडदोऱ्याला बांधून हिंडायचा, जशी काही आत मी नसून तिजोरीच आहे.

गावाचा नियम साधा होता. ज्याने आधी सांगितलं त्याची खुर्ची. लग्न कुणाचंही असो, नवरदेव माझ्यावरच बसायचा. परत करताना मला ओल्या फडक्याने पुसून आणायचं आणि सोबत त्या घरच्या जेवणाचं एक ताट पुंजाजीच्या घरी द्यायचं. त्याला 'खुर्चीचं ताट' म्हणत. पुंजाजीची बायको रुख्मिणी ते ताट देवापुढे ठेवल्यासारखं ठेवायची आणि मग घरातल्या सगळ्यांना घासघास वाटायची. तिच्या घरात कधी वरण-बट्टी आली, कधी बुंदी, कधी खीर, कधी मशिदीकडचा जर्दा, म्हणजे केशरी गोड भात. ताट धुऊन परत जाताना त्यात मूठभर गहू किंवा चिमूटभर साखर असायचीच. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत.

बसणाऱ्याचं तोंड मला दिसत नाही मित्रांनो, पण माणूस तोंडापेक्षा बसण्यावरून जास्त कळतो. भीमनगरातला अश्वजित आता शाळेत मास्तर आहे. तो स्वतःच्या लग्नात माझ्या अगदी काठावर बसला होता, मखमल मळेल म्हणून. लुकमानभाईचा थोरला मुलगा निकाहाच्या वेळी इतका थरथरत होता, की माझे सांधे वाजत होते. असे लोक मी आनंदाने पेलले.

आणि मग गोपीचंदभाऊ.

गोपीचंदभाऊ हे आमच्या भागाचे पुढारी. ते माझ्यावर बसायचे तेव्हा दोन्ही मांजरींची मुंडकी अशी आवळून धरायचे, की कुणी खालून खुर्ची ओढून नेईल की काय! आमच्या गावाजवळच्या नाल्यावर पूल बांधून देण्याचा शब्द त्यांनी दिला होता. दर निवडणुकीला त्याचा नारळ फुटायचा. खोबरं लोक खायचे, पूल मात्र व्हायचा नाही. पाऊस लागला की शाळेतली पोरं अलीकडे आणि शाळा पलीकडे. शेवटी लोक भाऊंना तोंडावर विचारू लागले. रुख्मिणीनेसुद्धा विचारलं, "भाऊ, नारळाचं झाड लावलं असतं त आतापर्यंत त्याचाच पूल झाला असता ना?"

आता तुम्हीच सांगा, ज्याला पुलाचं उत्तर देता येत नाही तो काय करतो? तो लोकांना दुसरीकडे बघायला लावतो. निवडणूक जवळ आली होती, म्हणून भाऊंनी सभेसाठी बाहेरून एक महाराज बोलावले. त्यांचं नाव मी सांगणार नाही. माझ्यावर बसून त्यांना मिळालं तेवढं पुरे झालं, माझ्या गोष्टीत त्यांना जाहिरात मिळणार नाही. एवढंच सांगते, की ते जिथे जात तिथे मागे कटकटी ठेवून जात आणि हे भाऊंना चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर बोलावलं होतं.

भाऊ स्वतः पुंजाजीच्या दारात आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुंजाजी, महाराजांले बसाले मांजरीची खुर्ची पाह्यजे. प्लास्टिकच्या खुर्चीवर का बसवू त्यायले?"

"भाऊ, सभेच्या दिवशीच लुकमानभाईच्या पोरीचं लगन हाय. मेहरूनचं. त्यानं आंधी सांगतलं."

"लगन त होतेच न गा, खुर्ची असो का नसो! तुमचं नाव माइकवरून घेतो. पुंजाजीनं आसन देल्लं म्हणून."

मित्रांनो, माणूस कशाने विकला जाईल सांगता येत नाही. जन्मभर शब्दाला जागलेला पुंजाजी माइकवरच्या नावाला विरघळला. त्याने कडदोऱ्याची किल्ली सोडली. मला जर हात हलवता आले असते, तर त्या दोन मांजरींनी मी त्याला बोचकारलं असतं.

लुकमानभाई म्हणजे गावातला मळणीयंत्रवाला. त्याचं थ्रेशर गावातल्या प्रत्येक शेतात चालायचं, कुणाचंही सोयाबीन त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय पोत्यात पडायचं नाही. खुर्ची मिळत नाही म्हटल्यावर तो फक्त इतकंच बोलला, "ठीक हाय, पुंजाजीदादा." त्या 'ठीक हाय'मध्ये काय होतं, ते कळायला पुंजाजीला वर्ष लागलं.

सभा झाली. महाराज गारेगार गाडीतून उतरले, त्यांच्या आधी त्यांचं अत्तर आलं. माझ्यावर बसले ते अंग टाकून, मी जणू त्यांच्या आजोबांनी घेऊन ठेवली होती. देवाचं नाव त्यांनी जेवणाआधी आचमन करावं तेवढंच घेतलं आणि मग शेजाऱ्यांवर घसरले. त्यांच्या हातचं खाऊ नका. त्यांना काम देऊ नका. त्यांच्या सावलीला उभे राहू नका. प्रत्येक वाक्याला ते डाव्या मांजरीवर मूठ आपटत होते. अशाच एका टाळीच्या वाक्याला तिचा कान तुटून पडला. ज्या माणसाला आपण बसलोय त्या खुर्चीचा कान मोडलेला कळत नाही, तो धर्म सांभाळायला निघाला होता! शेजारी गोपीचंदभाऊ हात जोडून, डोळे अर्धवट मिटून बसले होते. लोकांना वाटलं ध्यान लागलं. मी जवळून पाहिलं, ते गर्दीची डोकी मोजत होते.

पुंजाजीचं नाव माइकवरून कुणी घेतलं नाही. तो पहिल्या रांगेत शेवटपर्यंत मान उंच करून बसला होता.

भोंग्यांची तोंडं चारी बाजूंना होती. मशिदीजवळच्या मांडवात मेहरूनचा नवरदेव प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता आणि त्याच्या कानावर हे सगळं पडत होतं.

सभा संपल्यावर अश्वजित मास्तर पुढे आला. "भाऊ, अशा माणसाले तुमी काहून बोलावलं? गावात कधी भांडण नोतं."

भाऊ हसले. पुढारी उत्तर नसलं की हसतात. "मास्तर, म्या काई बोललो का? एक शब्द तरी बोललो का? जे बोलले ते महाराज बोलले. म्या त फक्त खुर्ची देल्ली."

ऐकलंत? फक्त खुर्ची! खुर्ची म्हणजे मी. माझ्यावर बसल्यावर माणूस चार हात उंच दिसतो, म्हणून तर मला बनवलं. सतरंजीवर बसून तो हेच बरळला असता तर लोकांनी त्याला पाणी पाजून एसटीत बसवून दिलं असतं. पुढाऱ्याने शेजारी बसून हात जोडले, म्हणून ते बरळणं प्रवचन झालं. विंचू आपण आणून सोडायचा आणि वर म्हणायचं, नांगी त्याची होती, मी कुठे चावलो!

मला परत आणून टाकलं तेव्हा कुणी पुसलं नव्हतं. ताट तर नव्हतंच.

ताट दुसऱ्या दिवशी आलं, पण दुसऱ्याच घरून. लुकमानभाई स्वतः जाळीदार रुमालाखाली झाकलेलं ताट घेऊन दारात उभा राहिला. "खुर्ची नाई आली, पन ताट नाई चुकलं पाह्यजे. वहिनीले द्या."

ताट घेतलं हरीओमने. हरीओम हा पुंजाजीचा मुलगा. सभेत पहिल्या टाळ्या त्याच्याच होत्या. लुकमानभाईची पाठ वळली न वळली तोच त्याने तो केशरी जर्दा उकिरड्यावर पालथा केला. कुत्री धावली. कुत्र्यांना कुणी प्रवचन दिलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी पोटभर खाल्लं. लुकमानभाईने कोपऱ्यावरून मागे वळून पाहिलं आणि तसाच पुढे गेला. रुख्मिणी चुलीपाशी होती. तिने उठून ते ताट आणि रुमाल उचलला, रुमाल धुतला, ताट घासून लख्ख केलं आणि दोन्ही फडताळात ठेवलं.

"म्या काय केलं वं?" पुंजाजी तिला म्हणाला. "खुर्चीच त देल्ली."

"तुमी खुर्ची देल्ली म्हणूनच तो बसला," रुख्मिणी म्हणाली. "आन् तो बसला म्हणून हा उठला." तिने हरीओमकडे बोट केलं. त्या दिवसापासून ती पुंजाजीशी कामापुरतंच बोलू लागली.

मग सोयाबीन काढणीला आलं. हरीओम आणि त्याच्या सोबतच्या पोट्ट्यांनी ठरवलं, लुकमानचं थ्रेशर शेतात येऊ द्यायचं नाही. बाहेरून मशीन आणू. मोठे शूर! बाहेरचं मशीन काय यांच्या आरतीसाठी थांबलं होतं? त्याला आपल्या गावचं काम होतं. सोयाबीनच्या गंज्या शेतात लागल्या, वर ताडपत्र्या पडल्या, आज येते उद्या येते करत वाट बघणं सुरू झालं. आणि आभाळाला कुठे धर्म कळतो? लागून पाऊस आला. ताडपत्रीखाली पाणी शिरलं, शेंगेतच दाण्यांना कोंब फुटले. गंजी उघडली तेव्हा आंबूस वाफ निघाली. हरीओम त्या वाफेत उभा होता, टाळ्या वाजवणारे दोन्ही हात कमरेवर ठेवून.

महाराज तेव्हा कुठल्या तरी तिसऱ्या जिल्ह्यात कुणाच्या तरी खुर्चीवर मूठ आपटत होते. भाऊ निवडून आले होते. ते एकदा बांधावर आले, कोंब फुटलेलं सोयाबीन ओंजळीत घेऊन फोटो काढला आणि पाय चिखलात भरतात म्हणून लवकर गेले. लुकमानभाईने थ्रेशर जऊळक्याकडे लावलं. तिकडे त्याला कुणी नाव विचारलं नाही.

त्यानंतर माझ्यावर धूळ बसली. लग्नं झाली, पण प्रत्येक वस्तीने आपली आपली खुर्ची भाड्याने आणली. मी अंधाऱ्या खोलीत एक कान गमावलेली बसून राहिले. रुख्मिणीच्या घरी एकही ताट आलं नाही.

वर्ष उलटलं, पुन्हा निवडणूक आली. या वेळी भाऊंच्या पुतण्याची. पूल तिथेच होता, म्हणजे कागदावर. लोक पुन्हा विचारू लागले आणि भाऊंना पुन्हा महाराज आठवले. पुंजाजीला निरोप आला, सकाळी गाडी येईल, खुर्ची काढून ठेवा. पुंजाजी 'हो' म्हणाला. ते ऐकून माझा जीवच गेला. मला वाटलं, हा काही सुधारत नाही.

सकाळी त्याने मला अंगणात आणलं, उलटं केलं आणि करवत घेतली. हरीओम धावत आला. "बाबा, काय करून राह्यले हे?" पुंजाजीने करवत पायाला लावली. नुसतं म्हणाला, "धर इकडून."  हरीओम खाली बसला आणि त्याने मला घट्ट धरलं.

दुखलं का, म्हणून विचाराल. हो, दुखलं. पण महाराज बसले होते तेव्हा जास्त दुखलं होतं.

गाडी आली. भाऊ उतरले आणि मला बघून थांबले. मी मातीत बसले होते, पाटाएवढी उंच. चार पाय बाजूला पडले होते.

"पुंजाजी! हे काय केलं?"

पुंजाजी करवतीचा भुसा झटकत उठला. "काई नाई भाऊ. खुर्ची हाय ना. घेऊन जा. म्या त फक्त पाय कापले."

भाऊ या वेळी हसले नाहीत. गाडीत बसले आणि दार जोरात आपटलं.

माझ्या पायांचं रुख्मिणीने काय केलं माहीत आहे? चुलीत घातले. सागाचा जाळ चांगला लागतो. त्यावर तिने गुळाचा शिरा केला, फडताळातलं ते लख्ख ताट काढलं, त्यात आपल्या घरचं भांडं शिऱ्याने भरून ठेवलं, आणि वर तोच जाळीदार रुमाल टाकला. ताट हरीओमच्या हातात दिलं. तो पुढे चालत होता आणि ती मागे, तो वळू नये म्हणून. लुकमानभाईच्या दारात हरीओमने नुसतं ताट पुढे केलं. रुख्मिणीच म्हणाली, "खुर्चीचं ताट हाय. लई उशीर झाला." लुकमानभाईने हरीओमकडे पाहिलं. मग ताट घेतलं आणि आत गेला. या बसा, असं म्हणाला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी विनंती करायची असते. मला पुसत जा, उन्हात टाकू नका, हे सगळं मी सांगितलं असतं. पण माझी खरी निगा ओल्या फडक्यात नाही. माझ्यावर कुणाला बसवताय ते आधी बघा. आणि ज्याने बसवलं तो नंतर हात झटकू लागला, की त्याचेही हात बघा. बोलणाऱ्याइतकेच ते मळलेले असतात.

आता मी ओट्यावर असते. लहान पोरं माझ्यावर चढतात, कान तुटलेल्या मांजरीला गोंजारतात. रुख्मिणी संध्याकाळी रस्त्याकडे बघत माझ्याशेजारी बसते. शिऱ्याचं ते भांडं अजून परत आलेलं नाही. ती म्हणते, "रिकामं कसं पाठवतीन? काय घालावं, हेच ठरवून राह्यले असतीन."