मालकाचं पाऊल

मोशीच्या दत्तोबांकडे सल्ल्यांचा तोटा नव्हता. स्वतःच्या शेतावर सोसायटीचे टॉवर उभे राहिले, तरी जगाच्या जमिनीची काळजी यांनाच. वरच्या खोलीतला भाडेकरू युसुफ चाकणला एका कंपनीत होता. तो पॅलेस्टाईनमधल्या कलकिलिया गावचा. तिकडे पेरूच्या बागा असतात हे कळलं आणि म्हाताऱ्याला हक्काचं माणूस सापडलं.

युसुफनं त्यांना सगळं सांगितलं होतं. एकोणपन्नास साली हद्दीची रेघ ओढली, तेव्हा गाव अलीकडे राहिलं आणि बरीचशी शेतं पलीकडे गेली. सदुसष्टच्या लढाईत पलीकडच्या सैन्यानं लोकांना हाकललं, घरं पाडली. परतलेल्यांनी ती पुन्हा बांधली. मग गावाभोवती भिंत आली. बापाची बाग भिंतीपलीकडे. फाटकावर परवाना दाखवून जायचं. आता युद्ध पेटल्यापासून परवानाच मिळत नव्हता.

"म्हंजी आमच्या भावकीवानीच हाय की," दत्तोबा म्हणाले. चुलतभावानं दर नांगरटीला बांध कोरून त्यांची अख्खी पट्टी गिळली होती. ते दुखणं काही जात नव्हतं.

रविवारी युसुफच्या बापाचा, हसनचा, व्हिडिओ कॉल यायचा. दोन म्हातारे गप्पा मारायचे आणि पोरगं मधे दुभाषा. एकदा हसननं विचारलं, बाग ओसाड पडलीय, काय करू?

दत्तोबा लगेच म्हणाले, "त्याला सांग, पडीक टाकली की गेलीच समज. आत न्हाई सोडलं तर कडंला जाऊन हुबा ऱ्हा. मालकाचं पाऊल रोज दिसलं पायजे."

युसुफ घुटमळला, पण त्यानं सांगितलं. हसननं हसून छातीवर हात ठेवला.

तो खरंच रोज जाऊ लागला. महिन्याभरातच, भिंतीपाशी सैनिकांची गोळी लागून तो गेल्याचा फोन आला.

दत्तोबांना दोन दिवस घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी ते धीर करून वर गेले. युसुफ बॅग भरत होता. नोकरी सोडली, बाग बघायला आता मीच जातो, म्हणाला.

दत्तोबांनी बॅगेचा पट्टाच धरला. "नगं जाऊ, पोरा. जाऊ दे ती जमीन. जिवापरीस काय मोठं हाय?"

युसुफनं वर पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

"काका, हे बाबांना का नाही सांगितलं?"