आमदारांनी पेरलेल्या तीन ओळी

मित्रांनो, मी एक जुनी तिफण आहे. वडनेर भोलजीच्या एका सुताराने बाभळीच्या लाकडातून मला घडवलं. खाली तीन दाते, प्रत्येक दात्यामागे एक पोकळ नळी आणि वर बी सोडायची लाकडी वाटी, म्हणजे चाडं. बैल मला ओढतात, मागून एक जण माझी मूठ धरतो आणि सोबत चालणारी बाई चाड्यात बी सोडते. एका फेरीत तीन ओळी पेरून होतात.

माझे मालक शेषराव. त्यांच्या शेजारच्या पडीक रानात एके वर्षी तेलंगणातून नारायणराव नावाचा तरुण येऊन राहिला. त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. पोरं त्याला 'परदेशी' म्हणून चिडवायची. शेषरावांनी मला त्याच्या हाती दिलं आणि त्यांची बायको रुखमाबाई त्याच्या पेरणीला चाड्यावर चालली. काय सांगू त्याचा हात! दरेक वळणावर तो काडीने माझ्या नळ्या साफ करायचा. बैलांना त्याची तेलुगू आधी समजली, गावाला तो नंतर समजला. समजला तेव्हा गावाने त्याला सरपंच केलं, पुढे लोकांनी आमदार.

तेव्हा मला अभिमान वाटला होता. आता नारायणरावांची कीव येते, आणि तीही फार नाही.

सभागृहात उठून 'मी तिफणीमागे चाललेला माणूस' म्हणायचं आणि वर्षातून एकदा कॅमेऱ्यासमोर माझी मूठ धरायची, एवढीच त्यांची शेती उरली. शेषराव गेले. बाकी शिवारात ट्रॅक्टर फिरतो. रुखमाबाईंचा सडकेलगतचा मुगाचा तुकडा तेवढा माझ्याकडे आहे.

पावसानंतर माती ना चिकट ना कोरडी, अशी होते. त्याला वापसा म्हणतात. पेरायचं ते तेव्हाच. यंदा रुखमाबाईंनी सकाळीच बैल जुंपले, तोच निरोप आला: आमदारसाहेब येईपर्यंत पेरू नका. बाई थांबल्या. ऊन चढलं. माती वरून पांढरी पडू लागली.

भर दुपारी नारायणराव गाड्या आणि माणसं घेऊन आले. पायात मोजे! मोजे घालून पेरायला आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. चार पावलं चालले तोच फोटोवाला म्हणाला, "साहेब, उजेड नीट नाही. जरा मागे घ्या."

आणि नारायणरावांनी दाते मातीत असतानाच मला मागे रेटलं.

मित्रांनो, तिफण उचलून मागे घेतात. रेटली की नळ्यांत माती घुसते. हे एकेकाळी नारायणरावच दुसऱ्यांना शिकवत होते.

"भाऊ, थांबा," रुखमाबाई म्हणाल्या. "नळ्या बुजल्या. बी खाली नाही जाऊन राह्यलं."

"वहिनी, व्हिडिओ चालू हाये. हात हालवत राहा फक्त."

"रिकामा हात हालवू?"

"कोणाले दिसते?"

रुखमाबाईंनी हातातलं बी ओटीत टाकलं आणि रिकामी मूठ चाड्यावर फिरवत त्या बांधापर्यंत चालल्या. मी तीन कोऱ्या रेघा ओढल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोठ्यात धूळ खातानाही मला इतकी लाज वाटली नव्हती.

गाड्या गेल्यावर बाईंनी माझ्या नळ्या मोकळ्या केल्या आणि उरलेला तुकडा घाईघाईने पेरला. त्या तीन ओळी मात्र सोडल्या.

"ह्या काऊन सोडल्या वं?" शेजारच्या सिंधूताईंनी विचारलं.

"आमदारानं पेरल्या त्या. आपण काऊन हात लावा?"

मूग विरळ उगवला. अर्धं बी वाळल्या मातीतच राहिलं. साहेबांची वाट पाहिल्याचं ते फळ. आणि सडकेच्या कडेला तीन ओळी साफ उघड्या. येणारा-जाणारा एसटीच्या खिडकीतून बोट दाखवून हसायचा.

एके दिवशी नारायणरावांची गाडी तिथेच थांबली. काच खाली आली. "वहिनी, सडकेच्या कडेले हे टक्कल काऊन पडलं? काही तरी लावून टाका."

रुखमाबाई तण निंदता निंदता उभ्या राहिल्या.

"तुमचीच पेरणी हाये, भाऊ. कोणाले दिसते?"

काच वर गेली.

मित्रांनो, मला रंग देऊन कोणाच्या दारात उभं करू नका. कामाला घ्याल तर माझ्या नळ्या साफ ठेवा. आणि कोणी कितीही मोठा येणार असो, वापसा असताना कोणाची पेरणी थांबवू नका. माती कोणासाठी थांबत नाही, आणि आपण काय पेरलं हे ती झाकूनही ठेवत नाही.