ओट्यावरचा पाव तास

सायलीच्या कंपासपेटीत, कर्कटकाखाली रुमालात गुंडाळलेली मिसरीची डबी सापडली, तेव्हा तिच्या आईला, छायाला, आश्चर्य वाटलं नाही. आदल्याच दिवशी शाळेतल्या दंततपासणीत डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं होतं आणि सायलीचा खालचा ओठ बाजूला करून टॉर्चच्या उजेडात एक पांढुरका, खरखरीत डाग दाखवला होता.

"तंबाखू रोज एकाच जागी दाबली की आतली त्वचा अशी होते. आजपासून बंद केली तर बहुतेक वेळा डाग जातो. सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवा. तेव्हाही तसाच राहिला, तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

सायली बारा वर्षांची होती.

डबी हातात घेऊन छायानं दुसरा हात उगारला. सायली मागं सरली नाही.

"तूच लावली होती," ती म्हणाली. "माझी दाढ दुखत होती तेव्हा. म्हणली, चिमूटभर धर, थांबतंय."

उगारलेला हात तसाच खाली आला.

तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, त्यांचा चुरा करायचा आणि तो बोटानं हिरड्यांवर फिरवायचा, ही मिसरी. आपल्याकडं कित्येक घरांत तिला कुणी व्यसन म्हणत नाही. ती न्हाणीत साबणाशेजारी असते. नाशिकजवळच्या मखमलाबादला त्यांच्या मळ्यातही तसंच होतं. पहाटे शेवंती तोडून व्हायची, छायाचा नवरा खंडेराव क्रेट घेऊन फुलबाजारात जायचा, मग छाया आणि तिची सासू आक्काबाई ओट्यावर मिसरी लावत बसायच्या. सायली आईला चिकटून बसायची. गेल्या दोन वर्षांत ती तिथं नुसतीच बसत नव्हती, हे छायाला दिसलं नव्हतं.

त्या सकाळी छायानं घरातली सगळी मिसरी उकिरड्यात ओतली.

"एवढं काय झालं?" आक्काबाई कडाडली. "पन्नास वर्षं लावतेय मी. मेले का?"

"आत्याबाई, पोरीच्या तोंडात डाग हे."

"पोरीची बंद कर. माझी कशाला फेकली?" असं म्हणून म्हातारीनं दुपारीच नवी पानं आणवली आणि तवा चुलीवर ठेवला. घरभर भाजल्या तंबाखूचा तो ओळखीचा उग्र वास सुटला. माजघरात अभ्यास करणाऱ्या सायलीनं वहीवरून मान वर केली आणि छायानंही त्याच क्षणी वर पाहिलं. दोघींच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. दोघींनी ते एकमेकींपासून लपवलं.

तिसऱ्या दिवशी छायाचं डोकं फुटायला आलं. पोट साफ होईना. फुलं तोडताना ध्यान लागेना, कळ्याच हातात यायच्या. सायली शाळेत एका मुलीशी मारामारी करून आली, जेवली नाही, भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. "आई, डोकं लय दुखतंय," एवढंच म्हणाली. छाया तिचं कपाळ दाबत बसली आणि मनातून, लाज वाटत असूनही, शेजारच्या मालनबाईच्या कमरेला खोचलेल्या मिसरीच्या पिशवीचा विचार करत राहिली.

पाचव्या दिवशी ती पंपाच्या खोलीमागं मालनबाईला गाठून म्हणाली, "एक चिमूट दे. एकच."

"अगं, तू तर सोडली ना?" मालनबाई हसली आणि पिशवी पुढं केली.

छायानं डोळे मिटून बोट हिरडीवर फिरवलं. डोळे उघडले तेव्हा समोर सायली उभी होती, हातात फुलांची पाटी घेऊन. ती आईकडं बघत होती. त्या संध्याकाळी सायलीच्या तोंडाला मिसरीचा वास आला. छायानं विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारणार?

दुसऱ्या दिवशी छाया आरोग्य उपकेंद्रात गेली. तिथली नर्स मंजुषाताई लसींची नोंद करत होती. छाया तिच्यासमोर खुर्चीवर बसली.

"माझ्याच्यानं नाय होत, ताई. मीच तिच्या तोंडात घातली आणि मीच काढू शकत नाय. हरसूलला माझी बहीण हे. तिच्याकडं धाडून देऊ का पोरीला? माझ्यापासून लांब तरी राहील."

मंजुषाताईनं रजिस्टर मिटलं. "तू मिसरी लावायला बसतेस, तेव्हा किती वेळ बसतेस?"

"पाव तास."

"त्या वेळात कोण काम सांगतं?"

"कोण सांगणार? तोंड भरलेलं असतंय, बोलता येत नाय. आत्याबाई सुदीक हाक मारत नाय."

"आणि एरवी दिवसभरात कधी बसतेस?"

छाया आठवत राहिली. जेवतानासुद्धा ती तव्यावरच्या भाकरीकडं बघत जेवायची.

"सायली कुठं असते तेव्हा?"

"माझ्याजवळच. तेवढीच..." छाया थांबली. तेवढ्याच वेळापुरती आई तिला बसलेली मिळायची.

"तुझ्या शरीराला निकोटिन हवं असतं, ते खरंच आहे," मंजुषाताई म्हणाली. "त्याला औषध आहे. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवायला डॉक्टर आहेत, दोघी जा. तलफ येते ती पाच-दहा मिनिटांत ओसरते, पहिला आठवडा वाईट, महिन्याभरात पुष्कळ कमी होते. मध्ये चुकलीस तर पुन्हा सुरू कर, ते पाप नाही. पण तू मिसरीबरोबर तो पाव तासही टाकून दिलास. तो कुणी टाकायला सांगितला होता?"

दुसऱ्या सकाळी छाया ओट्यावर बसली, रिकाम्या तोंडानं. बडीशेपेची वाटी मध्ये ठेवली. सायली आली, जरा लांब बसली.

"छाया, रिकामी काय बसली?" आतून आक्काबाई. "पाणी तापव."

छाया सवयीनं उठली. सायलीनं तिच्याकडं पाहिलं, पंपाच्या खोलीमागं पाहिलं होतं तसंच. छाया परत बसली.

"आत्याबाई, पाव तासानं तापवते."

"का? तोंडात काय हे तुझ्या?"

"काय नाय. तरीबी बसलेय."

आत भांड्यांची आदळआपट झाली. सायली सरकत सरकत जवळ आली आणि तिनं बडीशेपेची चिमूट उचलली.

दोघी जिल्हा रुग्णालयातही जाऊन आल्या. तरी दोनदा चुकली छाया त्यानंतर, आणि सायली एकदा. दोन्ही वेळा छायानं लेकीला स्वतःहून सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी आक्काबाई बाहेर आली. हातात डबी होती, पण बंद.

"माझी सासू लय कडक," ती ओट्यावर बसत म्हणाली. "गरोदर असताना पण बसू देत नव्हती. मिसरी लावली तरच बसू द्यायची. मला वाटायचं, मिसरी गोड लागतेय." तिनं डबी पदराखाली सरकवली. "पाणी मी ठेवलंय. बस तू."

आक्काबाईची मिसरी सुटली नाही. पण घरात मिसरीचा तवा पुन्हा चढला नाही, ती गोठ्यापलीकडं जाऊन लावायला लागली.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी टॉर्च लावली. छायानं सायलीचा हात घट्ट धरला होता.

"फिकट झालाय," डॉक्टर म्हणाले. "अजून पुरता गेला नाही. तुकडा आज नको, महिन्यानं पुन्हा बघू."

परतताना छायानं तो हात सोडला नाही. अजून एक महिना होता, तीस सकाळी.

आपल्या घरात कुणी मिसरी लावत असेल, तर डबी फेकण्याआधी एवढं बघावं, की ती बाई एरवी कधी बसते. लेकराच्या दुखऱ्या दाढेला तंबाखू लावू नये, त्याला डॉक्टरकडं न्यावं. आणि घरातल्या बाईला टेकायला कुठल्याही कारणाची गरज पडू नये. ते कारण तिनं तंबाखूत शोधलं, तर शेजारी बसलेलं लेकरूही तिथंच शोधतं.