इथं कुणी उदय राहत नाही

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी उदय देवणीकरला घर घ्यायची घाई झाली, आणि त्याला कारण होती त्याची आई.

काचीगुड्यातल्या त्या भाड्याच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि देवणीकरांची बिऱ्हाडं कशी कोण जाणे, नेहमी सगळ्यात वरच्याच मजल्यावर. सुशीलाबाईंचे गुडघे गेले तेव्हापासून त्या तिसऱ्या मजल्यावर अडकल्या त्या अडकल्याच. मध्ये डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचं झालं, तर चार माणसांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना खाली उतरवलं. सगळी गल्ली बघायला जमली. बाई लाजेनं अर्ध्या झाल्या, आणि घरी परतल्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं, की आता आपण चौघांच्या खांद्यावर एकदाच उतरणार, त्याआधी नाही. मग गॅलरी हेच त्यांचं गाव झालं. भाजीवाला आला की दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची, वरूनच भाव करायचा, आणि मूठभर कोतमीर फुकट पडेपर्यंत टोपली ओढायची नाही. गुडघे गेले होते, आवाज शाबूत होता.

उदय जामबागेतल्या एका शाळेत क्लार्क होता. त्याची बायको मीना दिलसुखनगरला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात बसायची. तिनंच ते घर शोधलं. तळमजला, दोन खोल्या, दारासमोर बसायला कट्टा. विकणारे म्हातारे नवराबायको मुलीकडं विजयवाड्याला निघाले होते. महिनाअखेरपर्यंत थांबतो, म्हणाले. उदयनं आईला मोबाइलवर कट्ट्याचा फोटो दाखवला. बाईंनी मोबाइल अगदी डोळ्यांशी नेला.

"हितं बसलं की लोकांची तोंडं दिसतील की रे," त्या म्हणाल्या. "वर्षभर नुसती डोकीच बघायले मी."

त्या वाक्यानंतर उदयला दुसरं घर बघायची गरज उरली नाही.

उरले पैसे. बँकेत गेलं की तिथली पोरसवदा साहेब मंडळी आधी जन्मतारीख बघत आणि मग उदयकडं जरा मायेनं बघत. या वयात कर्ज द्यायचं म्हणजे निवृत्तीच्या आत फिटायला हवं, हप्ता मोठा, पगार लहान. दोन-तीन बँकांनी अशी माया केल्यावर शाळेतल्या कुणीतरी हिम्मतरावांचं नाव सांगितलं.

हिम्मतराव बिरादार मूळचे बीदरकडचे. काचीगुडा स्टेशनासमोर एका झेरॉक्सच्या दुकानामागं त्यांचं टेबल होतं आणि दोन खुर्च्या. ते कुठल्या बँकेचे नोकर नव्हते. कोणाचं काम कुठल्या बँकेत होईल हे ओळखायचं, फाइल तिकडं न्यायची, कर्ज मंजूर झालं की बँकेकडून आपलं कमिशन घ्यायचं, असा त्यांचा धंदा. गिऱ्हाइकाकडून चहासुद्धा घ्यायचे नाहीत, उलट पाजायचे. त्यांनी उदयचे कागद उलटेपालटे करून बघितले, मीनाची पगाराची स्लिप बाजूला काढली, आणि चष्मा कपाळावर चढवला.

"उदयराव, तुमचं वय मला बदलता येत नाही. बँक बदलता येती. टेन्शन नक्को."

आणि खरंच, दोन आठवडे हा माणूस उदयच्या कामासाठी असा पळाला की सख्खा भाऊ पळणार नाही. मीनाचं नाव कर्जात जोडून घेतलं, घराची कागदपत्रं वकिलाकडून तपासून आणली. सगळं पुढं सरकलं. शेवटी म्हणाले, "आता एक काम फक्त तुमचं. बँकेचा व्हेरिफिकेशनवाला घरी येणार. सांगून येत नसतो तो. माणूस खरंच तिथं राहतो का, घरी-शेजारी विचारतो आणि जातो. घरात सांगून ठेवा."

"ठेवतो," उदय म्हणाला.

नाही ठेवलं. आता यावर कुणी त्याला बेजबाबदार म्हणेल, तर म्हणो बापडं. पण त्या घरात कर्ज हा शब्द काढणं किती अवघड होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

उदयचे वडील उमाजी छापखान्यात कंपोझिटर होते. तिथल्याच एका जोडीदारानं कर्ज काढलं, उमाजींनी जामीन म्हणून सही केली, आणि एका सकाळी जोडीदार बायकोपोरांसकट गायब झाला. मग वसुलीवाले उमाजींच्या दारात यायला लागले. उमाजी पिठाच्या डब्यामागं बसत, आणि सुशीलाबाई दारात उभ्या राहून सांगत, घर में नई हैं. बाईंचा धीर सुटला की पाळी उदयवर यायची. लहानगा उदय इतकं भोळं तोंड करून "बाबा नई हैं" म्हणायचा, की माणूस खरंच परत फिरायचा, आणि आई मागून त्याच्या हातात गुळाचा खडा ठेवायची. उमाजी मेले ते दुसऱ्याचे हप्ते फेडता फेडताच. तेव्हापासून त्या घरात कर्ज हा शब्द शिवीच्याही खालचा होता. म्हणून उदयनं आईला थाप ठोकून दिली होती, की घर पीएफच्या पैशातून येतंय. एकदा कट्ट्यावर बसली की सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी तो जेवायला बसला, तर आई भलतीच खुशीत.

"आज एक आलता रे," त्या म्हणाल्या. "हेल्मेटवाला. तीन जिने कोण चढंल, म्हणून खालूनच ओरडायला, उदय देवणीकर इदरिच रहते क्या, लोन का है! मी गॅलरीतून म्हणलं, नई, इदर कोई उदय नई रहता. तर म्हणतो, अम्मा, पता तो यहीच है. मी म्हणलं, पता रहिंगा, आदमी नई!"

उदयचा घास तोंडातच फिरत राहिला. मीनानं हातातला डाव भांड्यात सोडला.

"खालची भाग्यलक्ष्मी बी गॅलरीत आली," बाई रंगात आल्या होत्या. "तिला काय माहीत नाही, पण मी नाही म्हणायले बघून ती बी लागली तेलुगूत म्हणायला, लेरु, लेरु, नाहीत म्हणून! त्यानं चार रेघोट्या मारल्या कागदावर अन् गेला निघून. कुणी तुझ्या नावावर काय उद्योग केलाय का रे? करू दे. मी हाय हितं."

असं म्हणून त्यांनी उदयकडं बघितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात या एका कामात त्या कधी चुकल्या नव्हत्या, आणि शाबासकीची वाट बघत होत्या.

"बरं केलंस," उदय म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी हिम्मतरावांनी सगळं ऐकलं. आधी त्यांना हसू फुटलं, मग उदयचं तोंड बघून त्यांनी ते गिळलं.

"निगेटिव्ह मारला की हो त्यानं रिपोर्ट. घरचेच म्हणतात राहत नाही, शेजारी म्हणतात राहत नाही. बँक काय करंल?"

त्यांनी दिवसभर फोन केले. कुणाला दादा म्हणाले, कुणाला अन्ना म्हणाले, एकाला तर लेकीच्या लग्नाची आठवण करून दिली. अखेर दुसरा माणूस पाठवायला बँक तयार झाली. "पण हे शेवटचं," त्यांनी उदयला बजावलं. "परत निगेटिव्ह आलं की फाइल बंद. मग मी बी हात टेकले. दुसरी बँक तुमच्या वयाला शिवायची नाही. आईला नीट सांगा."

त्या संध्याकाळी उदयनं सांगितलं. बाई वाती वळत होत्या. तो काय काय बोलला, बँक म्हणजे ते लोक नाहीत, हप्ता दोघांच्या पगारातून जाईल, कुणी दारात येणार नाही. बाईंचे हात चालूच राहिले.

"कवा फिटंल?"

"मी रिटायर होईस्तोवर."

"मी ऱ्हाते का तवर?"

"आई, तुझ्यासाठीच तर घेतोय."

त्या वाक्यावर त्यांचे हात थांबले. ते बोलायला नको होतं, हे उदयला फार उशिरा कळलं.

"तो माणूस आला की एवढंच सांग, हो, राहतो," उदय म्हणाला.

"बरं," बाई म्हणाल्या, आणि पुढची वात वळायला घेतली.

उदयला हायसं वाटलं. रात्री त्यानं मीनाला सांगितलं, आई समजली. मीना म्हणाली, "त्या एका शब्दात कधी समजतात?" त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही.

माणूस गुरुवारी दुपारी येणार, अशी कुणकुण हिम्मतरावांना लागली. अर्जदार समोर नसलेलाच बरा, नाहीतर शिकवून ठेवल्यासारखं वाटतं, म्हणून दोघं गल्लीच्या तोंडाशी इराण्याच्या हॉटेलात बसले. तिथून गॅलरी सरळ दिसत होती. बाई उभ्या होत्या, टोपली खाली लोंबत होती. एक तरुण मुलगा बाइकवरून उतरला. बिचारा सज्जन होता, आधी त्यानं वर बघून नमस्कार केला.

"अम्मा, उदय देवणीकर यहीच रहते ना?"

बाई टोपलीची दोरी चाळवत राहिल्या. उदयनं कप खाली ठेवला.

"अम्मा?"

"नई," बाई म्हणाल्या. "इदर कोई उदय नई रहता."

हिम्मतरावांनी त्याचं मनगट धरलं होतं, ते सोडवून उदय धावत सुटला. इमारतीखाली जाऊन त्यानं मान वर केली. "आई! अगं मी इथं उभा आहे! सांग ना त्यांना!"

बाईंनी दोन्ही हातांनी गॅलरीचा कठडा धरला होता. त्यांनी लेकाकडं बघितलं, चांगलं निरखून बघितलं, आणि त्या मुलाला म्हणाल्या, "ये कौन है की. मैं नई पैचानती." आवाज मात्र आज फुटका निघाला.

भाग्यलक्ष्मी अम्मा गॅलरीत आल्या. त्यांनी एकदा वर बघितलं, एकदा खाली उदयकडं बघितलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

उदयनं खिशातून आधार कार्ड काढलं. मुलानं ते घेतलंसुद्धा नाही.

"मैं मानता साब, आपिच हैं," तो हळूच म्हणाला. "पन मैं क्या लिखूं? घर में झगडा है, लिखा तो भी फाइल जाती. माफ करना."

तो गेल्यावर हिम्मतराव जवळ आले. बराच वेळ रुमालानं चष्मा पुसत राहिले.

"उदयराव, बँकेशी मी कितीबी भांडलो असतो," ते म्हणाले. "आईशी कोण भांडणार?" त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्टेशनाच्या दिशेनं चालू लागले. दोन आठवड्यांच्या पळापळीचा एक पैसा त्यांना मिळायचा नव्हता, पण त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

उदय जिना चढायला लागला. जन्मात आईवर ओरडला नव्हता, आज ओरडणार होता. काय काय बोलायचं ते पायरीपायरीला मनात जुळत होतं. दुसरा मजला ओलांडून वळणावर आला, आणि सगळं बोलणं जागच्या जागी विरलं.

सुशीलाबाई पायरीवर बसल्या होत्या. पाय लांब पसरलेले, तोंडाला पदर, श्वास लागलेला. अर्धा जिना एकट्या उतरून आल्या होत्या, आणि तिथं गुडघ्यांनी साथ सोडली होती.

"बघ," त्या धापा टाकत म्हणाल्या. "उतरले का नाही? कशाला पाहिजे तळमजला?"

"आई, काय केलंस हे?"

"तुझा बाप मेला तवा मी रडले कमी अन् झोपले जास्त," बाई म्हणाल्या. "दार वाजायचं थांबलं म्हणून. नवरा गेला अन् मला झोप लागायली, उदय. माझ्यासारखं मीनाला व्हावं का?"

"हे तसलं कर्ज नाही गं. बँकेचं आहे."

"आसंल. पण दार तर हेच हाय की रे."

तिला चुकीचं म्हणता येत नव्हतं आणि बरोबर म्हटलं तर कट्टा कायमचा गेला होता. तो तिच्याशेजारी पायरीवर बसला. थोड्या वेळानं त्यानं तिच्या काखेत हात घालून उठवायचा प्रयत्न केला. बाई कळवळल्या, त्याच्या कमरेतून चमक गेली, आणि दोघं परत खाली बसले.

"खुर्ची आणावी लागेल," तो म्हणाला. "माणसं बोलवावी लागतील."

चौघांच्या खांद्याची आपली गोष्ट बाईंना आठवली असणार. त्यांनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

"वरच ने रे मला," त्या म्हणाल्या. "खाली नको."

उदय उठला, भिंतीला धरत दुसऱ्या मजल्यावर उतरला आणि त्यानं भाग्यलक्ष्मी अम्मांचं दार वाजवलं. आत हालचाल झाली, पण कडी निघाली नाही.

"कौन है?" आतून दबका आवाज आला.

"मैं उदय," तो म्हणाला. "इदरिच रहता. ऊपर."