सुंद्राक्काच्या अंगाचा पंख

चैत्राच्या तिसऱ्या दिवशी हिंगणमाळच्या रस्त्यावर बर्फ पडायला लागला आणि रस्ता सोडून कुठंच पडला नाही. दोन्ही बाजूंच्या रानात ऊन मी म्हणत होतं, ढेकळं तापून पांढरी पडली होती, बाप्ये बनियनवर हिंडत होते, आणि वाडीपासून फाट्यापर्यंतच्या अडीच किलोमीटरवर तेवढा बर्फ. पहिल्या दिवशी लोकांनी तो पराती भरून घरी नेला, सरबतात घातला आणि देवाचे आभार मानले. दुष्काळी मुलखातली माणसं ती. वरून काहीही पडलं तरी आधी हात जोडायचे आणि मग काय पडलं ते बघायचं, ही तिथली रीतच आहे.

बर्फ वितळत नव्हता. गाड्या गेल्या की तो कडेला उभा राहायचा, त्याची भिंत व्हायची आणि भिंत रोज वीतभर आत सरकायची. दहाव्या दिवशी एसटी बंद झाली. त्यात आणखी एक गोम होती. बर्फ ज्या अंगाला टाकावा, त्या अंगाची वस्तू तेवढी लांब जायची. हे कळलं गणपा गुरवामुळं. त्यानं खोऱ्यानं बर्फ ओढून लिंबाखाली टाकला, तर लिंब उठून सावलीसकट चार हात मागं जाऊन उभा राहिला. दुसऱ्या एकानं बोअरकडं टाकला, तर त्याचा पाइप तोकडा पडला. तेव्हापासून खोऱ्याला कुणी शिवेना. कुणाचं काय लांब करायचं, असल्या प्रश्नावरनं खेड्यात डोकी फुटतात, हे काय वेगळं सांगायला पाहिजे? सगळ्यांनी आपला बर्फ होता तिथंच ठेवला.

सिदनाथ वाघमोडेला मात्र असं हात बांधून बसणं जमणार नव्हतं. त्याच्या बायकोच्या, गौराच्या, दोन्ही किडन्या दोन वर्षांपूर्वी बसल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी तालुक्याच्या दवाखान्यात मशीनवर रक्त धुऊन आणायचं, की पुढचे तीन-चार दिवस तिचे. एक वार चुकला तर पाय सुजायचे. दोन चुकले तर काय, हे सिदू कधी मनात पुरं होऊ देत नसे. दारापासून रस्त्यापर्यंत ती स्वतःच्या पायानं यायची, त्यापुढं तिला चालवत नव्हतं. मग ट्रॉलीत गादी, गादीवर गौरा आणि पुढं सिदू. दर खेपेला तिला परत घेऊन आला की तो आधी ट्रॅक्टरच्या बॉनेटला हात लावून पाया पडायचा. लोक हसायचे, पण हसणाऱ्यांना मंगळवार नसतो.

त्या सोमवारी ट्रॅक्टरची दोन्ही मडगार्डं बर्फाला घासायला लागली. सिदू तसाच घासत घासत तालुक्याला गेला, मगदूम शेठच्या औजारांच्या दुकानात.

शेठला नवल वाटलं नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाला जमीन काळी का मुरमाड विचारावं, तसं त्यांनी बर्फ ताजा आहे का बसलेला ते विचारलं. ट्रॅक्टर किती एचपीचा, पुढं वजन लावलंय का, रस्ता मुळात किती रुंद होता, हेही विचारून घेतलं. नुसतं पातं घेऊन उपयोग नाही, म्हणाले. पातं समोरचा बर्फ सारतं, पण सारलेला बर्फ कडेलाच बसतो आणि भिंत जाड होते. भिंत मागं ढकलायची तर पात्याला पंख पाहिजे.

पंख मागच्या शेडमध्ये होते. रोटावेटर आणि पेरणी यंत्रांच्या पलीकडं, आडव्या लोखंडी दांडीवर, मिटून बसलेले. शेठनं टाळी वाजवली तसे तिन्ही उघडले. शेडमध्ये गार वारा सुटला.

सिदूनं ते बैल बघावेत तसे बघितले. त्याला दुसरी रीत माहीतच नव्हती. पहिला पंख लांबच लांब, एका फटक्यात शेतभर बर्फ फेकील असा. पण तो ट्रॅक्टरला एका अंगाला ओढील आणि दुसऱ्या चाकाला वजन बांधावं लागेल, हे शेठनं स्वतःच सांगितलं. दुसरा देखणा, रंगवलेला, पण त्याला स्प्रिंगा नव्हत्या. दगडाला अडला की मोडणार. तिसरा मध्यम. कड झिजलेली, बिजागरीला ग्रीस, मागं दोन जाड स्प्रिंगा. सिदूनं त्याच्या पाठीवर हात फिरवला तेव्हा माशी बसल्यावर बैलाची कातडी थरथरते तशी त्याची पोलादी पाठ थरथरली. सिदू पुढं चालला तर तो दांडीवरनं उतरून त्याच्या मागं आला.

“हाच,” सिदू म्हणाला.

शेठ म्हणाले, निवड झाली, पण कुठल्या अंगाचा ते अजून ठरायचं आहे. हा पंख डावा नाही आणि उजवाही नाही. नवं औजार दारात आलं की बाई त्याला हळदकुंकू लावते ना? ज्या घरची बाई लावील, त्या घराकडं हा उघडतो. एकदा उघडला की मिटत नाही. मिटवायचा तर जिनं कुंकू लावलं तिनंच ते पुसायचं.

सिदू घरी येईस्तोवर हेच घोळवत होता. रस्त्याच्या उजव्या अंगाला त्याचं घर. डाव्या अंगाला, बरोबर समोर, सुंद्राक्का शेंडगेचं. गौरानं कुंकू लावलं तर आपलं घर दर खेपेला मागं जाणार आणि गौराला रस्त्यापर्यंत येणं होणार नाही. दुसऱ्या अंगाला उघडला तर सुंद्राक्का जाणार.

आता ही सुंद्राक्का कोण, ते ऐका. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, पोरबाळ नाही, चार कोंबड्या आणि एक शेळी. गौरा मशीनवरनं आली की हिनं तिचे पाय चेपायचे. डॉक्टरांनी गौराला पाणी मोजून दिलेलं, दिवसाला दोन पेले, म्हणून सुंद्राक्का तिच्यासमोर कधी पाणी पीत नसे. उन्हातनं येऊन घसा कोरडा ठणठणीत असला तरी आधी गौराशी बोलायची, मग घरी जाऊन प्यायची. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. सिदूला ते दीड वर्षानं उमगलं, आणि उमगलं त्या दिवशी तो गोठ्यात जाऊन रडला होता. असल्या बाईला लांब करायचं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजण्यापेक्षा वाईट. सिदूनं ठरवलं, घर गेलं मागं तर जाऊ दे, गौराला पाठीवर घेईन. शेठ काय बोलले ते कुणाला सांगायचं नाही.

मंगळवारी सकाळी गौरा ताट घेऊन बाहेर आली. हळद, कुंकू, नारळ. पाचसहा माणसं जमली होती. गणपा गुरव नारळ फोडायला पुढं झाला. गौरानं कुंकवात बोट बुडवलं तसा पंख त्यांच्या घराकडं वळायला लागला, आणि घराच्या पत्र्यानं करकर आवाज केला.

समोरच्या दारातून सुंद्राक्का हे बघत होती. ती रस्ता ओलांडून आली आणि तिनं सिदूला विचारलं, ह्यो असा घराकडं का वळतोय? सुंद्राक्काला खोटं सांगणं सिदूच्यानं झालं नाही. त्यानं सगळं सांगितलं.

ती माघारी गेली. आली ती लाकडी करंडा घेऊन. त्याचं झाकण नऊ वर्षांत उघडलेलं नव्हतं. तिनं ते विळ्याच्या पाठीनं ठोकून उघडलं. आतल्या कुंकवाचा खडा झाला होता. त्यावर तिनं पाण्याचा थेंब सोडला आणि बोटानं घोळायला लागली.

गणपा गुरव खाली बघत पुटपुटला की हे बरं नव्हं, नवं औजार आहे, सवाष्णीचा हात पाहिजे. त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. गौरानं मात्र सुंद्राक्काचं मनगट धरलं.

“आक्का, असं नका करू.”

“तुला माझ्या हाताची लाज वाटती का गं?”

“न्हाई.”

“मग सोड.”

गौरानं हात सोडला. पंख आपणहून सुंद्राक्काच्या उंचीला खाली आला. तिनं त्याच्यावर पाच बोटं उठवली, आणि तो डावीकडं वळून बर्फाच्या भिंतीवर उघडला, तिच्या घराच्या दिशेनं, पूर्ण. सिदूनं तिच्या पायावर डोकं ठेवलं. डोळ्यातलं पाणी त्याला लपवता आलं नाही आणि त्यानं लपवलंही नाही. ती म्हणाली की उठ आता, मंगळवार आहे, उशीर नको करू.

ट्रॅक्टर निघाला. पंखानं भिंत ढकलली आणि सुंद्राक्का दारात उभी राहून घरासकट, कोंबड्यांसकट मागं गेली. सावकाश, न धडपडता. फाट्यापर्यंत रस्ता पहिल्यासारखा रुंद झाला. गौरा ट्रॉलीत उलटी बसली होती, दवाखाना येईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मशीनवरच्या सिस्टरला ती म्हणाली की आजचं रक्त माझं नाही, आमच्या आक्काचं आहे. सिस्टर बरं म्हणाली आणि तसं लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात एसटी सुरू झाली. पोरं शाळेत जायला लागली, दुधाचा टेम्पो आला, आणि जो तो सिदूला म्हणायचा की तुझे उपकार. सिदू नुसता डाव्या अंगाला हात करायचा. तिकडं सुंद्राक्काचं घर पहिल्यांदा बांधाशी होतं, मग ओढ्यापाशी, मग टेकडीच्या पायथ्याला. रोज नवा बर्फ पडत होता आणि मंगळवार-शुक्रवार काही थांबत नव्हते.

गौरा दर सकाळी अंगणातून तिला हाक मारायची. “आक्का, तुमच्यामुळं जगले,” एवढंच म्हणायची. पहिल्या आठवड्यात उत्तर लगेच यायचं. दुसऱ्या आठवड्यात सकाळच्या हाकेचं उत्तर संध्याकाळी यायला लागलं: जेवलीस का? तिसऱ्या आठवड्यात मंगळवारचं उत्तर शुक्रवारी आलं, तेही तेच. मग एका शुक्रवारी उत्तर आलंच नाही. गौरा ताटावर बसून राहिली. जेवले म्हणून सांगायला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिला घास उतरला नाही.

सिदू तिला म्हणाला की पंख मिटवता येतो, पण पुसायला आक्काच पाहिजे आणि मग रस्ताही मिटणार. गौरानं ऐकून घेतलं. कुंकू पुस म्हणून सुंद्राक्काला सांगायचं कुणी? सिदूच्या जिभेला ते कधी झेपलं नसतं, आणि गौराच्याही. शिवाय गौराचा चेहरा आता भरला होता, पायांची सूज उतरली होती. त्याबद्दल सिदूला रोज सकाळी इतकं बरं वाटायचं की त्याची त्याला लाज वाटायची.

पुढच्या मंगळवारी, फाट्याच्या अलीकडं, गौरानं ट्रॉलीच्या फळीवर हात आपटून ट्रॅक्टर थांबवला. रानातनं आक्काकडं वळवा, म्हणाली. सिदूनं वळवला. ढेकळांतून ते सरळ टेकडीकडं निघाले. पंख उघडाच होता, त्याच्यापुढं बर्फाचा ढीग चालला होता, आणि सुंद्राक्काचं घर त्यांच्यापुढं मागं मागं जात होतं. टेकडी संपली, पलीकडचा माळ लागला. सिदूनं गिअर बदलला तर घरही जोरात गेलं. शेवटी ते काडेपेटीएवढं दिसायला लागलं तेव्हा गौरा म्हणाली, बास.

सिदूनं ट्रॅक्टर बंद केला. घर जागच्या जागी थांबलं.

गौरा चाकावर पाय ठेवून खाली उतरली. भाकरीचं गाठोडं काखेत घेतलं, पदर खोचला.

“कुठं निघालीस?” सिदू म्हणाला. “आज मंगळवार हाय.”

“म्हायती हाय.”

“मी येतो संगं.” सिदूचा हात ट्रॅक्टरच्या किल्लीकडं गेला.

“तुमी हितंच बसा. तुमी आलासा की ती लांब जाती.”

ती चालायला लागली. थोडं चालायची, ढेकळावर टेकायची, पुन्हा उठायची. सिदू सीटवर बसून बघत राहिला. हाक मारावी असं त्याला पन्नासदा वाटलं, पण हाक पोचेपर्यंत ती कुठं असेल याचा नेम नव्हता. तिनं एकदाही मागं बघितलं नाही. ती लहान होत गेली, बाहुलीएवढी, बोटाएवढी. घर मात्र हललं नाही. त्याच्या दारातून कुणीतरी तितकंच लहान बाहेर आलं आणि तिच्याकडं धावलं.

दोघी बराच वेळ एकमेकींना धरून उभ्या होत्या. कोणती गौरा आणि कोणती सुंद्राक्का, ते सिदूला आता सांगता आलं नसतं. मग दोघी ट्रॅक्टरच्या दिशेला वळल्या, आणि दोघींनी मिळून हात हलवायला सुरुवात केली. सिदू उभा राहिला, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला, पण ये म्हणून हलवतायत का जा म्हणून, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं.