कुंकवाखालचं मेण

"आई, अंदाजे नको, चमच्यात सांगा," समृद्धी म्हणाली. "लेबलवर लिहायचंय."

मालनबाईंनी किसणीवरचा हात थांबवला. ताटलीत मेणाचा पिवळा किस पडला होता. आयुष्यात हे त्यांनी कधी चमच्याने मोजलं नव्हतं.

"एक मेण, तीन खोबरेल आणि बोटभर तूप. बसव तू चमच्यात."

"बोटभर म्हणजे अर्धा चमचा लिहू?"

"लिही."

पातेल्यात पाणी उकळत होतं आणि पाण्यात स्टीलची वाटी ठेवली होती. मेण थेट आचेवर ठेवलं की करपट वास येतो, आणि तो ओठांवरून दिवसभर जात नाही. वाटीतलं मेण विरघळलं तसं मालनबाईंनी खोबरेल ओतलं, तूप सोडलं, एक थेंब ताटलीच्या पाठीवर टाकला आणि गार झाल्यावर बोटाने चोळून पाहिला.

"कडक झालं. थंडीत तेल चढतं घालायचं, उन्हाळ्यात मेण."

समृद्धीने तेही मोबाइलमध्ये टिपून घेतलं. तिची नोकरी दिवाळीच्या तोंडावर गेली होती, आणि घरी बसून काय करता येईल याच्या शोधात तिला सासूची ही ओठांना लावायची डबी सापडली. मेण, घरचं खोबरेल, घरचं तूप आणि रंगाला बिटाचा रस, भांडवल म्हणून एवढंच. बाजारातल्या एका नळीच्या किमतीत घरी दहा-बारा डब्या होतात, हे कळल्यापासून तिचे डोळे चमकत होते. बीट बघून मालनबाईंच्या कपाळाला आठी पडली होती, कारण पाणी आणि तेल कधी नांदत नाहीत. पण बीटही त्यांनीच किसून दिलं. सून आपल्याला काहीतरी विचारतेय याचाच त्यांना केवढा आनंद झाला होता!

नौपाड्यातल्या एका नर्सिंग होममध्ये त्या सत्तावीस वर्षं आयाबाई होत्या. आयाबाईला कोणी काही विचारत नाही. तिला सांगतात. बेडपॅन दे, चादर बदल, दोन नंबरला पुसून घे. ऑपरेशननंतर ज्यांचं तोंडाने पाणी बंद असायचं, त्यांचे ओठ फुटून रक्त यायचं, आणि त्याकडे बघायला डॉक्टरांना वेळ नसायचा. एकदा रमाबाई नावाच्या एका म्हातारीचे ओठ बघवेनात, म्हणून मालनबाईंनी कनवटीची कुंकवाच्या मेणाची डबी काढली. कोरडं कुंकू कपाळावर ठरत नाही, म्हणून आधी मेणाचा गोल टिळा लावायचा आणि त्यावर कुंकू दाबायचं, ही त्यांच्या आईची रीत. मालनबाईंनी टिकली कधी चिकटवली नाही. त्या मेणाचं बोट त्यांनी म्हातारीच्या ओठांवरून फिरवलं. दुसऱ्या दिवशी म्हातारीने बोलता येत नव्हतं तरी ओठांवर बोट ठेवून पुन्हा मागितलं. मग मालनबाई तेच मेण तेल-तूप घालून मऊ करायला लागल्या. सत्तावीस वर्षांत किती ओठांवरून त्यांचं बोट फिरलं, याची नोंद कुठल्याही केसपेपरवर नाही.

शेवटचे ओठ नवऱ्याचे होते. तानाजीरावांच्या घशातल्या गाठीने शेवटी पाणीसुद्धा उतरू दिलं नाही. आठ दिवस मालनबाई त्यांच्या उशाशी बसून होत्या. डबीत बोट घालायचं, आधी त्यांच्या ओठांना लावायचं, मग तेच बोट आपल्या कपाळाला. नवव्या दिवशी ते गेले. नणंदेने ओल्या फडक्याने मालनबाईंचं कपाळ पुसलं आणि जयेश, पोटचा मुलगा, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "राहू दे आत्या" एवढं तो म्हणाला असता, तर पुढची तीन वर्षं वेगळी गेली असती. तो म्हणाला नाही.

पितळेची ती डबी मालनबाईंनी पातळांच्या घडीखाली ठेवून दिली. आतल्या मेणात त्यांच्या बोटाचा खळगा तसाच होता. घरात कोणी नसलं की त्या डबी उघडायच्या आणि खळग्यात बोट ठेवायच्या. बोट बरोबर बसायचं. मेण मात्र त्या उचलत नसत. हे त्यांनी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. साठी उलटलेल्या बाईने असलं काही सांगितलं, तर लोक हसतात.

रविवारी कोपरहून ऐश्वर्या आली. ती समृद्धीची कॉलेजची मैत्रीण, व्हिडिओ काढण्यात हुशार. तिने गोल दिवा उभा केला, ओट्यावरचे प्लॅस्टिकचे डबे हटवले आणि म्हणाली, "यार, काहीतरी जुनं पाहिजे ना. पितळेचं वगैरे. एकदम ऑथेंटिक वाटेल."

"आई, तुमची ती कुंकवाची डबी आहे ना?" समृद्धीने विचारलं. "देता का?"

मालनबाईंनी पातळांच्या घडीखालून डबी आणून दिली.

"आत काय आहे हो आई?"

"काही नाही. जुनं मेण आहे."

चूक झाली ती इथेच. दोन शब्द जास्त बोलल्या असत्या तर पुढचं सगळं टळलं असतं. पण सत्तावीस वर्षं दुसऱ्याचं दुखणं विचारत फिरलेल्या बाईला स्वतःचं दुखणं सांगायची सवय नव्हती.

ऐश्वर्याने मोबाइल मालनबाईंच्या चेहऱ्यावर धरला, खाली केला, पुन्हा धरला. मग समृद्धीला दाराशी नेऊन ती हळू बोलली. पण दोन खोल्यांच्या घरात हळू असं काही नसतं.

"अगं, आजीचं कुंकवाचं मेण म्हणतोय आपण, आणि काकूंचं कपाळ मोकळं. सॅड वाटतंय यार. प्रॉडक्ट विकायचंय ना आपल्याला?"

समृद्धी परत आली ती नजर चुकवत. "आई, फक्त शूटपुरतं कुंकू लावाल? आजकाल सगळ्याच लावतात. मी तर तसलं काही मानतच नाही."

"तू मानत नाहीस, हे मला तीन वर्षांत आजच कळलं," मालनबाई म्हणाल्या.

जयेश पलंगावर क्रिकेट बघत होता. तिथूनच तो म्हणाला, "लाव ना आई. पाच मिनिटांचं काम आहे. कोण बघतंय?"

मालनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. संताप इतका आला की वाटीतलं गरम मेण सिंकमध्ये ओतावं असं त्यांना वाटलं. "पाच मिनिटांसाठी नको," एवढंच त्या म्हणाल्या.

मग शेजारच्या भीमाबाईंना बोलावलं. भीमाबाई हसऱ्या, भरल्या अंगाच्या, आणि त्यांचे यजमान ठणठणीत. त्यांनी जन्मात मेण वितळवलेलं नव्हतं. त्या पाकिटातली टिकली लावायच्या आणि आंघोळीच्या वेळी ती आरशाला चिकटवून ठेवायच्या. समृद्धीने त्यांना हिरवं नऊवारी नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं.

"मालनताई, मी काय बोलू हो? मला ह्यातलं काय पण माहीत नाय."

"बोलू नका. नुसत्या हसा," मालनबाईंनी सांगितलं.

पण भीमाबाईंचा हात ढवळताना इतका अवघडत होता की ऐश्वर्या वैतागली. शेवटी ठरलं, की चेहरा भीमाबाईंचा घ्यायचा आणि हात मालनबाईंचे. मालनबाई ओट्याशी उभ्या राहिल्या. एका हातात सांडशीने धरलेली गरम मेणाची वाटी आणि दुसऱ्या हातात चमचा.

"एक मिनिट, बांगड्या मॅच नाही होत," ऐश्वर्या म्हणाली, आणि समृद्धीने भीमाबाईंच्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढून सासूच्या चमच्याच्या हातात सरकवल्या. हात मागे घ्यावा तर मेण अंगावर सांडेल. मालनबाई हलल्या नाहीत. व्हिडिओ संपेपर्यंत बांगड्या वाजत राहिल्या.

काम झालं तसं बांगड्या काढून त्या गच्चीवर गेल्या. वाळत घातलेल्या तांदळाच्या कुरडया उलथवत तासभर उन्हात बसल्या. खाली आल्या तेव्हा ओट्यावर चोवीस छोट्या डब्या ओळीने थिजत ठेवलेल्या होत्या, फिक्या गुलाबी. मधोमध पितळेची डबी होती. चिंच-मिठाने घासून लखलखीत केलेली, आणि आत तेच गुलाबी मेण, सपाट.

मालनबाईंनी पितळेच्या डबीकडे बोट केलं. "ह्यातलं मेण?"

"ते पण वापरलं!" समृद्धी खुशीत म्हणाली. "किसलेलं कमी पडत होतं. तुमचं एकदम प्युअर होतं, वाया कशाला घालवायचं? वितळवून, गाळून घेतलं."

"कुठल्या डबीत गेलं?"

"आता कसं सांगू? सगळ्यांतच मिक्स झालं ना. का हो आई?"

समृद्धीच्या चेहऱ्यावर खरोखरच प्रश्न होता. ती वाईट मुलगी नव्हती. मालनबाईंना तिला दोष द्यायचा होता, आणि तोही नीट देता येईना.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "बरं केलंस. ह्यातली एक मला ठेवशील?"

"आई, ह्या सगळ्या ऑर्डरच्या आहेत हो. डोंबिवलीच्या आणि नौपाड्याच्या. तुमच्यासाठी पुढच्या वेळी करते, प्रॉमिस. आणि पितळेची फोटोला लागेल अजून."

भांडी घासायला घेतली तेव्हा वाटीच्या काठाला मेणाची पिवळी कड उरलेली दिसली. बीट घालण्याआधीची, जुनं मेण वितळलं तेव्हाची. मालनबाईंनी ती नखाने खरवडली. वाटाण्याएवढी गोळी झाली. ती त्यांनी कागदात गुंडाळून उशीखाली ठेवली.

सकाळी जयेश मोबाइल घेऊन आला. "आई, बघ, सातशे लाइक्स झालेत!"

पडद्यावर भीमाबाई हसत होत्या. खाली लिहिलं होतं, आमच्या आजीच्या हातची तीन पिढ्यांची कृती. मग दोन हात आले. चमचा सावकाश फिरत होता, बांगड्या किणकिणत होत्या.

"हे हात तुझे आहेत, हां," जयेश म्हणाला.

"ओळखलेस," मालनबाई म्हणाल्या.

त्या आंघोळ करून आल्या, आरशापुढे उभ्या राहिल्या. कागदातली गोळी त्यांनी बोटावर घेऊन ऊब दिली आणि आधी स्वतःच्या ओठांवरून फिरवली. मग तेच बोट कपाळावर टेकवलं आणि चौतीस वर्षं काढला तसा एक गोल काढला. रुपयाएवढा, अगदी मधोमध. कुंकवाची कोयरी पूर्वीच भीमाबाईंच्या सुनेला देऊन टाकलेली होती.

जयेश डबा घेऊन निघाला होता. दारात बूट चढवता चढवता त्याने वर पाहिलं. "आई, कपाळाला काय लागलंय? तेलकट दिसतंय. पूस ना."

मालनबाईंनी त्याचा राहिलेला रुमाल त्याच्या हातात दिला.

"पुसून झालंय एकदा," त्या म्हणाल्या, आणि पाणी भरायला आत गेल्या.