एका पातेल्यातला चीक

माझी जीभ तिखट आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मला तर बरीच वर्षं त्याचा अभिमानच होता. थोरल्या जाऊबाईंना घराबाहेर घालवलं ते याच जिभेनं.

आमच्याकडे बावीस शेळ्या. थोरले दीर वारल्यावर गोठा आम्ही दोघींनीच सांभाळला. माझा नवरा महिन्यातले वीस दिवस ट्रकवर असतो. चारा, दूध आणि करडं माझ्याकडे, खुरं जाऊबाईंकडे. खुरं छाटायला त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं, आणि लाकडी मुठीची आखूड सुरीही दिली होती. शेळीला भिंतीशी टेकवून, पाय मांडीवर घेऊन त्या काम करायच्या, आणि शेळी रवंथसुद्धा थांबवायची नाही.

मग शेळ्या लंगडायला लागल्या. पहिली म्हातारी. हे नाव तिला ती दीड वर्षाची होती तेव्हाच पडलं, कारण चेहराच तसा, साऱ्या जगावर नाराज. पुढच्या उजव्या पायानं लंगडायची, आठवड्यात बरी व्हायची, महिन्यानं पुन्हा लंगडायची. मग तिची पाट, म्हणजे तिची तरणी लेक, मग आणखी दोघी. आम्ही मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवले, गोठ्यात चुना टाकला, औषधांच्या दुकानातून इंजेक्शनं आणली. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

मी खापर सुरीवर फोडलं.

"तुमचा हात जड झालाय, जाऊबाई. खोल कापता, जिवंत भागाला लागतं."

"खुरात काही नाहीये गं," त्या म्हणाल्या. "गुडघ्याला हात लावून बघ. गरम लागतोय."

"गुडघे तुमचे दुखतात, म्हणून तुम्हाला सगळीकडे गुडघेच दिसतात."

हे मी हसत हसत बोलले. मग त्यांच्या हातातली सुरी घेतली आणि माळ्यावर टाकली. पंधरा दिवसांनी त्या भावाकडे गेल्या, त्याची सून बाळंत व्हायची आहे म्हणून. बाळ झालं, रांगायला लागलं, तरी त्या आल्या नाहीत. मीही बोलावलं नाही.

त्यानंतर खुरं मी विळ्यानं छाटली. लंगडणं थांबलं नाही, वाढलंच. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी पाय उचललाच नाही. म्हातारीसमोर उकिडव्या बसल्या आणि दोन्ही पुढचे गुडघे हातात धरले.

"ही सूज कधीपासून आहे?"

"दुखणं खुरात आहे, डॉक्टर."

"खुरात फक्त कुणाची तरी वाईट कापणी आहे. दुखणं सांध्यात आहे."

त्यांनी सगळ्यांचं रक्त नेलं. दहा दिवसांनी परत आल्या तेव्हा माझ्याच ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं, बावीसपैकी नऊ जणींना आहे. एकदा अंगात शिरला की जात नाही असा रोग. औषध नाही, लस नाही. आईच्या दुधातून पिल्लात उतरतो, सगळ्यात जास्त पहिल्या चिकातून.

"करडांना चीक कसा पाजता तुम्ही?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. चार वर्षांपूर्वी एका शेळीला चीकच आला नाही आणि तिचं करडू माझ्या मांडीवर गेलं. त्या दिवशी मी ठरवलं, यापुढे माझ्या गोठ्यात कुणी उपाशी राहणार नाही. आमच्या शेळ्या चार-पाच जणी मिळून एकाच आठवड्यात वितात. सगळ्यांचा चीक एका पातेल्यात काढायचा आणि प्रत्येक करडाला त्यातलाच पाजायचा. म्हातारीला चीक भरपूर, त्यामुळे अर्धं पातेलं तिचंच असायचं.

डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं.

"चार वर्षं?"

"चार वर्षं," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला कळलं.

आधी राग आला. डॉक्टरीणबाईंचा, म्हातारीचा, पातेल्याचा. मग शरम वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. निरोगी तेरा जणी वेगळ्या बांधा. आजारी शेळी व्याली तर आईनं चाटायच्या आत करडू उचला. नऊपैकी पाच जणी गवताच्या जाड थरावर, दुखण्याच्या गोळीवर दिवस काढतील. उरलेल्या चौघींचे हाल थांबवायला हवेत. गुरुवारी दहाला त्या इंजेक्शन घेऊन येणार होत्या. खड्डा गोठ्यामागं, तीस पावलांवर. चौघींत म्हातारी होती.

मी जाऊबाईंना फोन लावला.

"गुडघाच होता," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं. आणि रोग मीच पाजला, माझ्या हातानं."

त्या म्हणाल्या, "म्हातारी उठते का?"

"उठते. चालवत नाही तिला. माझ्या कापण्यानं खुरं वाकडी झालीत."

"सुरी काढून ठेव."

बुधवारी दुपारी त्या आल्या. पाणी प्यायल्या आणि सरळ गोठ्यात गेल्या. म्हातारीला भिंतीशी टेकवलं, सुजलेला पाय मांडीवर घेतला.

"आता कशाला, जाऊबाई? उद्या तर..."

"तीस पावलं चालायचीत ना तिला? तेवढी तरी सुखानं चालू दे."

चारही पाय झाले. म्हातारी रवंथ करत होती. जाऊबाईंनी सुरी पुसली, फडक्यात गुंडाळली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवली.

"राहा ना आता," मी म्हणाले. "चूक माझी होती."

"होती," त्या म्हणाल्या. "उरलेल्या जणींची खुरं सहा आठवड्यांनी बघ. सुरी नवी घे. खोल जाऊ नकोस."

मी त्यांना अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवणार होते?

गुरुवारी म्हातारी चालली. लंगडली, पण थांबली नाही. खड्ड्याशी पोचल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला तिला धरायला सांगितलं, म्हणून मी तिच्या कुशीशी उकिडवी बसले. मी अशी बसले की काय करायचं हे तिला माहीत होतं. तिनं मागचे पाय फाकवले, मान माझ्याकडे वळवली आणि दूध काढायची वाट बघत उभी राहिली.